उसनी गोष्ट, आपला सिनेमा

हिंदी सिनेमाबद्दल शिकल्यासवरल्या मराठी घरांत एक मत इतक्या सहजपणे बोललं जातं, की त्याला पुरावा मागावा असं कुणाला वाटतही नाही. हिंदीवाले हॉलिवूडची चोरी करतात, त्यात सहा गाणी आणि एक रडणारी आई घालतात आणि तेच आपल्याला विकतात. म्हणून पाहायचं तर मूळ इंग्रजीच पाहावं, असं ते मत. ‘शोले’ म्हणजे ‘मॅग्निफिसंट सेव्हन’, ‘चोरी चोरी’ म्हणजे ‘इट हॅपन्ड वन नाइट’, ‘सत्ते पे सत्ता’ म्हणजे ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’, ‘सरकार’ म्हणजे ‘गॉडफादर’. यादी तोंडपाठ असते आणि यादी संपली की विषयही संपतो.

यादीतली बहुतेक नावं खरी आहेत. माझं भांडण आहे ते त्या यादीवरून दिल्या जाणाऱ्या निकालाशी. गोष्ट कुठून आली हे कळलं की सिनेमा कळला असं मानायचं, तर मग सिनेमा पाहायचाच कशाला? त्यातून हा निकाल फक्त हिंदीला लावला जातो. इंग्रजीला वेगळा न्याय आहे, आणि आधी त्याच्याबद्दलच बोलायला हवं.

जॉन स्टर्जेसचा ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ (1960) अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’वरून (1954) घेतलेला आहे. क्लिंट ईस्टवूडला जगभर नाव मिळवून देणारा, सर्जिओ लिओनेचा ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (1964) कुरोसावाच्याच ‘योजिम्बो’वरून, तोही परवानगी न घेता, प्रकरण कोर्टकचेरीवर गेलं आणि जपानी निर्मात्यांना भरपाई द्यावी लागली. अल पचिनोला ऑस्कर मिळवून देणारा ‘सेंट ऑफ अ वुमन’ (1992) 1974 च्या एका इटालियन सिनेमावरून आला. टॅरँटिनोच्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’वर (1992) हाँगकाँगच्या ‘सिटी ऑन फायर’चं (1987) ऋण आहे, आणि तेच ऋण पुढे ‘काँटे’पर्यंत (2002) आलं, तेव्हा आपण फक्त ‘काँटे’ला चोर म्हटलं. मार्टिन स्कोर्सेसीला दिग्दर्शनाचं एकमेव ऑस्कर मिळालं ते ‘द डिपार्टेड’साठी (2006), आणि तो हाँगकाँगच्याच ‘इन्फर्नल अफेअर्स’चा (2002) रीमेक आहे. त्या ऑस्कर सोहळ्यात पटकथेचं बक्षीस देताना मूळ सिनेमा जपानी असल्याचं मंचावरून सांगितलं गेलं. ज्याच्या गोष्टीवर बक्षीस मिळालं, त्याचा देशसुद्धा नीट सांगितला गेला नाही.

‘डिपार्टेड’ वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो उत्तम आहे. बॉस्टनच्या आयरिश वस्त्या, तिथला कॅथलिक अपराधगंड, बापाची जागा घेणारा गुंड, हे सगळं स्कोर्सेसीचं आहे आणि हाँगकाँगच्या सिनेमात त्यातलं काही नाही. मूळ सिनेमाचे हक्क विकत घेतलेले होते, आणि तो मुद्दा पुढे येणारच आहे. पण ‘डिपार्टेड’कडे पाहताना त्यात स्कोर्सेसीने काय घातलं हे आपण शोधतो आणि ‘शोले’कडे पाहताना सलीम-जावेदनी काय उचललं हे शोधतो, ही दोन मापं कुणी ठरवली?

‘शोले’बद्दल सविस्तर बोलतो, कारण आरोपींच्या यादीत तो नेहमी पहिला असतो.

‘सेव्हन सामुराय’मधलं गाव गरीब शेतकऱ्यांचं आहे. पोटभर भाताच्या बदल्यात ते लढवय्ये आणतात आणि त्यांच्यावर विश्वासही ठेवत नाहीत. मुली लपवतात, धान्य लपवतात. पूर्वी मारलेल्या सामुरायांची चिलखतं त्यांच्या घरात सापडतात. सिनेमाचा खरा विषय हा दोन वर्गांमधला अविश्वास आहे, म्हणून शेवटी जिवंत उरलेला म्हातारा सामुराय म्हणतो, की विजय शेतकऱ्यांचा झाला, आपला नाही. स्टर्जेसने ती गोष्ट मेक्सिकोच्या सीमेवर नेली तेव्हा वर्गाचा प्रश्न बराचसा बाजूला पडला आणि काळ सरत चाललेल्या बंदूकबाजांची एकाकी जिंदगी पुढे आली. म्हणजे पहिल्या उसनवारीतच विषय बदलला होता.

‘शोले’त गाव कुणालाच बोलावत नाही. बोलावतो तो एक माणूस, ठाकूर बलदेव सिंग. तो निवृत्त पोलीस अधिकारी आहे, ज्यांना तो बोलावतो त्या जय आणि वीरू या दोन चोरांना एकदा त्यानेच पकडलेलं आहे. डाकू गब्बरलाही त्याने पकडलं होतं, तो तुरुंगातून पळाला, त्याने ठाकूरचं कुटुंब मारलं आणि त्याचे हात तोडले. कायद्याच्या माणसाला कायद्याने न्याय दिला नाही, आता त्याने काय करायचं? हा प्रश्न ना कुरोसावाकडे आहे ना स्टर्जेसकडे. सिनेमा 15 ऑगस्ट 1975 ला आला, म्हणजे आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालला नाही, म्हणून पोलीस ऐनवेळी येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट करावा लागला. ज्या प्रश्नाला सरकार घाबरलं, तो प्रश्न उसना होता असं कसं म्हणता येईल?

मग राधा, ठाकूरची विधवा सून. होळीच्या रंगात बडबड करणारी मुलगी आणि पांढऱ्या साडीत दिवे मालवत फिरणारी बाई, ही दोन्ही रूपं जया भादुरीने फारसं न बोलता उभी केली आहेत. समोरच्या पायरीवर जय माउथऑर्गन वाजवतो, ती एकेक दिवा मालवत जाते, आणि द्वारका दिवेचांचा कॅमेरा त्या दोघांमधलं अंतर कमी होऊ देत नाही. पुढे ठाकूर स्वतः राधाच्या वडिलांकडे जाऊन तिच्या पुनर्विवाहाचा विषय काढतो. आगरकर आणि कर्व्यांचा वारसा सांगणाऱ्या मराठी प्रेक्षकाला तरी हा प्रसंग कुठल्या समाजातून आला हे सांगायची गरज पडू नये. त्या लग्नाला होकार मिळवून सिनेमा जयलाच मारतो आणि राधाची खिडकी पुन्हा बंद होते. हा ‘शोले’चा भित्रेपणा आहे आणि मला तो आजही खुपतो. पण हा भित्रेपणासुद्धा इथलाच आहे, बाहेरून आणलेला नाही.

‘शोले’ने घेतलं नाही असं नाही, पुष्कळ घेतलं. ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या (1968) प्रसंगाशी उघड नातं सांगतं. असरानीच्या जेलरमागे चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ (1940) उभा आहे. पण त्याचं सगळ्यात जवळचं कर्ज यांतलं एकही नाही. राज खोसलांच्या ‘मेरा गाँव मेरा देश’मध्ये (1971) एक हात गमावलेला निवृत्त सैनिक तुरुंगातून सुटलेल्या एका चोराला गावात आणतो आणि तो चोर डाकूशी लढतो. डाकूचं नाव जब्बर सिंग. चोर झाला होता धर्मेंद्र. एकहाती सैनिकाची भूमिका केली होती जयंत यांनी, म्हणजे गब्बर झालेल्या अमजद खानच्या वडिलांनी. ‘शोले’ला चोर म्हणणाऱ्यांच्या यादीत हा सिनेमा मला जवळपास कधीच ऐकू आला नाही. ज्यांना ‘शोले’त फक्त अमेरिका दिसते, त्यांनी हिंदी सिनेमा पुरेसा पाहिलेला नाही, असंच मला म्हणावं लागेल.

आता गाणी. गोष्ट थांबवून लोक गातात, हॉलिवूडमध्ये असलं काही नसतं, हा या मताचा दुसरा पाय. ‘वेस्ट साइड स्टोरी’ आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या दोन्ही सिनेमांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं आहे, एवढं सांगून तो पाय काढून घेता येईल. पण मला गाण्यांची बाजू त्याहून पुढे जाऊन मांडायची आहे, आणि त्यासाठी ‘चोरी चोरी’ (1956) बरा.

फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (1934) महामंदीच्या काळातला. श्रीमंताची पळालेली मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार बसने प्रवास करतात, पैसे संपतात, एकाच खोलीत रात्र काढावी लागते तेव्हा मध्ये दोरीवर घोंगडी टांगतात. त्या सिनेमाची गंमत संवादांत आहे. क्लार्क गेबल आणि क्लॉदेत कोल्बेर भांडतात, एकमेकांचं बोलणं तोडतात, आणि त्या भांडणातच प्रेमात पडतात. मद्रासच्या एव्हीएमसाठी अनंत ठाकूर यांनी ‘चोरी चोरी’ केला तेव्हा राज कपूर आणि नर्गिस यांना ती झटापट तशीच दिली असती, तर तो खरोखर अनुवादित सिनेमा झाला असता. तसं झालं नाही. भांडण राहिलं, पण कबुली गेली शंकर-जयकिशनच्या चालींकडे. चांदण्या रात्रीचं लता आणि मन्ना डे यांचं युगुलगीत आठवा. तोवर एकमेकांना टोमणे मारणारी ही दोन माणसं तिथे पहिल्यांदा खरं बोलतात. 1956 साली भारतातली एक मुलगी अनोळखी पुरुषाला हे गद्यात सांगू शकली नसती. सांगितलं असतं तर प्रेक्षकांना खोटं वाटलं असतं. गाणं तिथे गोष्ट थांबवत नाही. गोष्ट जिथे अडली असती, तिथून गाणं तिला पुढे नेतं.

त्याच गोष्टीवरून महेश भट्ट यांनी 1991 साली ‘दिल है के मानता नहीं’ केला. 1934 आणि 1956 मध्ये मुलगी ज्याच्यासाठी घर सोडते तो वैमानिक असतो. 1991 मध्ये तो सिनेमाचा हिरो आहे. श्रीमंत घरातल्या मुलींना स्वप्नं कशाची पडावीत याचा हा साठ वर्षांचा हिशेब तीन सिनेमांत नोंदला गेला आहे. ‘चोरी’ एवढाच शिक्का मारला, की यातलं काहीच दिसत नाही.

आपल्या मराठीचंही इथे बोललं पाहिजे, कारण ‘हिंदीवाले चोर’ म्हणताना आपला सूर थोडा उंच लागतो. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ मुळात मोलिएरच्या प्रहसनातून इंग्रजीमार्गे आलेलं. त्यांचं ‘झुंजारराव’ शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’. आगरकरांचं ‘विकारविलसित’ म्हणजे ‘हॅम्लेट’. पुलंची ‘ती फुलराणी’ (1975) बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून, आणि तरी भक्ती बर्वेंची मंजुळा लंडनची आहे असं कुणी म्हणून दाखवावं. ‘अशी ही बनवाबनवी’ (1988) हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (1966), हे माहीत झाल्यावर तो कुणाला कमी मराठी वाटला? दादासाहेब फाळके मुंबईत ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा सिनेमा पाहत होते तेव्हा त्यांच्या मनापुढे कृष्ण आणि राम दिसत होते, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्यातून पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) झाला. या देशातल्या सिनेमाचा प्रारंभच दुसऱ्याचं पाहून झालेला आहे. देवलांना आणि पुलंना जो न्याय आपण आनंदाने देतो, तो सलीम-जावेदना नाकारायला माझ्या मते काहीच आधार नाही.

विशाल भारद्वाजचा ‘मकबूल’ (2003) मी याच रांगेत सगळ्यात वर ठेवतो. ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींच्या जागी पंडित आणि पुरोहित हे दोन पोलीस अधिकारी आहेत. भविष्य सांगतात आणि ते खरं ठरावं म्हणून हातभारही लावतात. मुंबईच्या गुन्हेगारी जगात पोलिसांची जागा कुठे असते, हे ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांच्या त्या गप्पांमधून जितकं कळतं, तितकं कुठल्या बातमीतून कळत नाही. जंगल चालून येण्याऐवजी इथे समुद्र घरी येतो. पण खरा धाडसी बदल निम्मीचा. लेडी मॅकबेथ मॅकबेथची बायको. तब्बूची निम्मी टोळीप्रमुख अब्बाजींची रखेल. म्हणजे गादीची हाव आणि बाईची ओढ एकाच खुनात गुंतली, आणि खुनानंतरचं वेड जास्त खोल गेलं. अब्बाजींच्या दबक्या आवाजात ‘गॉडफादर’चा ब्रँडो ऐकू येतो हे खरं. पंकज कपूर तो आवाज घेऊन जिथे पोचतात, ती जागा ब्रँडोची नाही.

मग हिंदीत चोरी होतच नाही का? होते, आणि ती कुठे होते हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, नाहीतर माझा बचाव आंधळा ठरेल.

‘गजनी’ (2008) ही माझ्या दृष्टीने चोरी आहे. क्रिस्तोफर नोलनचा ‘मेमेंटो’ (2000) उलट्या क्रमाने उलगडतो, त्यामुळे नायकाला आधीचं आठवत नाही तसं आपल्यालाही माहीत नसतं. शेवटी कळतं, की हा माणूस स्वतःलाच फसवतो आहे, कारण सूड हेच त्याच्या जगण्याचं निमित्त उरलं आहे. ‘गजनी’ने अंगावरचं गोंदण घेतलं, फोटो घेतले, विसरणं घेतलं, आणि शंका टाकून दिली. जे उचलण्याजोगं होतं तेच सोडलं. ‘जिंदा’ (2006) तर ‘ओल्डबॉय’चं (2003) कातडं घेऊन आतलं काळीज बाहेर ठेवतो, मूळ शेवट पेलवत नव्हता, तर तो सिनेमा हातात घ्यायलाच नको होता. बासू चॅटर्जींच्या ‘एक रुका हुआ फैसला’बद्दल (1986) माझं मन दोन्हीकडे जातं. पंकज कपूर, के. के. रैना, अन्नू कपूर यांचं काम अप्रतिम आहे, झोपडपट्टीतल्या पोराबद्दलचा द्वेष ओळखीचा आहे. पण ज्या ज्यूरीवर सगळा डोलारा उभा, ती आपल्या न्यायालयांतून तेव्हा जवळजवळ हद्दपार झाली होती. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मधल्या (1957) बारा जणांमागे त्यांच्या देशाची व्यवस्था उभी आहे, आपल्या बारा जणांमागे काही नाही.

पैसे मोजले म्हणजे दोष गेला, असंही नाही. ‘लालसिंग चड्ढा’ने (2022) ‘फॉरेस्ट गंप’चे (1994) हक्क रीतसर घेतले. नायक शीख केला, व्हिएतनामच्या जागी कारगिल आणलं, आणि युद्धात त्याने शत्रूच्या बाजूच्या माणसाला पाठीवर घेऊन वाचवलं. हा शेवटचा बदल मला खरोखर आवडला; सगळ्या सिनेमात जीव आहे तो तिथेच. बाकी ठिकाणी भोळा माणूस इतिहासाच्या कडेकडेने चालत राहतो. दंगली होतात तेव्हा आई त्याला सांगते, की बाहेर मलेरिया पसरला आहे. 1984 साली दिल्लीत शिखांचं जे झालं ते पाहिलेल्या देशात हे वाक्य मला सहन होत नाही. दंगल डासांमुळे होत नाही. ती माणसं करतात, त्यांना नावं असतात. आणि हॉलिवूडने स्वतःच्याच ‘लायन किंग’चं (1994) 2019 साली काय केलं? हक्काचा प्रश्नच नव्हता, तंत्र अफाट होतं, आणि इतक्या खऱ्या दिसणाऱ्या त्या सिंहांच्या चेहऱ्यावर बाप मेल्याचं दुःख उमटतच नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात जो विचार मांडला, तो कुठल्याही समीक्षेपेक्षा मला जास्त नेमका वाटतो. आनंद यांचं म्हणणं होतं, की ‘न्यू दिल्ली’ (1956) हा सिनेमा त्यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून उचलला. न्यायालयाने सांगितलं, की कल्पनेवर, विषयावर कुणाची मालकी नसते. ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर असते. दोन्ही पाहणाऱ्याला दुसरी कृती पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटलं, तरच ती चोरी. खटला आनंद हरले. आपण घरबसल्या निकाल देतो तेव्हा निदान ही कसोटी तरी लावावी, आणि ती लावायची तर दोन्ही कृती पाहाव्या लागतात.

एका बाबतीत मात्र हिंदी निर्मात्यांची बाजू मी घेणार नाही. ज्याची पटकथा आधाराला घेतली, त्याचं नाव पडद्यावर न देणं आणि त्याचे पैसे बुडवणं, हे वर्षानुवर्षं बिनदिक्कत चाललं. 2010 साली ‘फोन बूथ’च्या मालकांनी ‘नॉक आउट’ला मुंबई उच्च न्यायालयात खेचलं, तेव्हा कुठे अनेकांना जाग आली. लेखकाला नाव आणि मोबदला मिळालाच पाहिजे, मग तो लॉस एंजेलिसचा असो, हाँगकाँगचा असो नाहीतर अंधेरीचा. हॉलिवूडच्या लेखकाला न्याय मिळावा म्हणून जे तळमळतात, त्यांनी मुंबईच्या पटकथालेखकांच्या श्रेयासाठीही तितकंच बोलावं.

आणि वाचकांना एक विनंती. ‘सेव्हन सामुराय’, ‘मेरा गाँव मेरा देश’ आणि ‘शोले’ हे तीन सिनेमे याच क्रमाने, थोड्या दिवसांच्या अंतराने पाहा. त्यानंतरही ‘शोले’ चोरीचाच वाटला तर तसं जरूर म्हणा. पण कुठलं पात्र, कुठला प्रसंग आणि कुठला प्रश्न चोरीचा, तेही सांगा.